'स्वयंसिद्ध' : एका शब्दाची मीमांसा

समीक्षेच्या व्यवहारात काही शब्द युक्तिवादाला आरंभ करून देतात, तर काही शब्द तो थांबवितात. 'स्वयंसिद्ध' हा दुसऱ्या वर्गातला शब्द होय. एखादे विधान स्वयंसिद्ध आहे असे लेखकाने एकदा म्हटले की वाचकापुढे दोनच मार्ग उरतात : त्याने मान डोलवावी, किंवा स्वतःच्याच आकलनशक्तीविषयी शंका घ्यावी. कलाकृती ही एकात्म असते, आनंद हे वाङ्मयाचे प्रयोजन होय, मनुष्यमात्र समान आहे — अशी परस्परांपासून फार भिन्न जातीची विधाने ह्या एकाच विशेषणाच्या आश्रयाने मराठी लेखनात वावरत आली आहेत. ह्या विधानांपैकी कोणते खरे व कोणते खोटे हा प्रश्न वेगळा. त्याआधी विचारावयास हवा असा प्रश्न हा, की 'स्वयंसिद्ध' ह्या शब्दाने नेमके काय सांगितले जाते, आणि जे सांगितले जाते ते सांगण्याचा अधिकार त्या शब्दाला कोठून प्राप्त झाला?

ह्या प्रश्नाची तपासणी एकाच भाषेच्या कक्षेत राहून पुरी होत नाही. ती बेंगळूरसारख्या नगरातून करणे अधिक सोयीचे, कारण तेथे शब्दांना शेजारी असतात. १६३८ मध्ये हे नगर विजापूरच्या सैन्याने जिंकले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये ह्याने 'राधामाधवविलासचंपू' रचला, व वि. का. राजवाडे ह्यांनी तो १९२२ मध्ये प्रकाशात आणला. शहाजीराजांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी आपापल्या भाषेत कविता म्हणत, ह्याची साक्ष त्या ग्रंथात आहे. दोन शतकांनंतर ह्याच नगरात दुसऱ्या प्रकारचा भाषासंगम घडला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईत निघाली, आणि रीव्हच्या कानडी-इंग्रजी कोशाची सँडरसनने सुधारलेली आवृत्ती १८५८ मध्ये बेंगळूरच्या वेस्लियन मिशन छापखान्यात छापली गेली. शाळा, न्यायालय व छापखाना ह्यांच्या गरजेपोटी इंग्रजी संकल्पनेसमोर देशी शब्द मांडण्याचे काम ह्या काळात वेगाने चालले होते, आणि अशा वेळी संस्कृत तत्सम शब्द हाताशी असणे मराठीला व कानडीला सारखेच उपयोगी पडले. इंग्रजीतील 'सेल्फ-एव्हिडंट' ह्या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून 'स्वयंसिद्ध' दोन्ही भाषांत रूढ झाला तो ह्या सोयीमुळे.

सोय आणि समानार्थ ह्या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'एव्हिडंट' ह्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'पाहणे' ह्या अर्थाचा धातू आहे. जे डोळ्यांसमोर उघड आहे, जे पाहण्यासाठी दुसऱ्या दिव्याची गरज नाही, ते 'एव्हिडंट'. ह्या शब्दात पाहणारा माणूस गृहीत धरलेला आहे. द्रष्टा नसेल तर दृश्यतेला अर्थ नाही. उलट 'स्वयंसिद्ध' ह्या शब्दात दृष्टीचा संबंधच येत नाही. तेथे 'सिध्' हा धातू आहे, आणि त्याचा अर्थ पूर्ण होणे, तडीस जाणे, फळास येणे. पहिला शब्द ज्ञात्याविषयी बोलतो, दुसरा वस्तूच्या अवस्थेविषयी. म्हणून 'सेल्फ-एव्हिडंट' विधानाला 'मला ते दिसत नाही' असे उत्तर देता येते. 'स्वयंसिद्ध' विधानाला असे उत्तर देण्याची सोय राहत नाही. ते कोणाला दिसो वा न दिसो, सिद्ध होऊन बसलेले असते. भाषांतरात येथे काही हरवले असे नसून काही अधिकचे पदरात पडले आहे, आणि ते अधिकचे म्हणजे निर्विवादपणाची मोहोर.

मराठीच्या घरगुती वापराकडे वळले तर ही मोहोर लगेच सैल होते. संस्कृत 'सिध्यति' हे रूप प्राकृतातून मराठीत आले ते 'शिजणे' होऊन. सिद्धान्न म्हणजे शिजलेले अन्न, हा अर्थ संस्कृतातही आहे. सिद्धता करणे म्हणजे तयारी करणे. साधना, साधन, साध्य हे सारे ह्याच कुळातले शब्द. ह्या संपूर्ण कुळात श्रम आहे, काळ आहे, क्रम आहे. जे सिद्ध झाले ते कोणीतरी, कशाने तरी, केव्हा तरी सिद्ध केले, असे ही भाषा पदोपदी सांगते. त्यामुळे 'स्वयंसिद्ध' ह्या समासात एक अंतर्गत ताण आहे. 'स्वयं' हे पद 'सिद्ध'मागचा कर्ता पुसून टाकते. अन्न आपोआप शिजले असे म्हणणाऱ्याला चूल कोणी पेटविली हे सांगावयाचे नसते, किंवा ते त्याला ठाऊकच नसते. अलीकडच्या वापरात ह्याच शब्दाच्या स्त्रीलिंगी रूपाने ह्या पुसलेल्या कर्त्याची भरपाई केली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २००१ मध्ये केंद्र शासनाने स्त्रियांच्या सबलीकरणासाठी आखलेल्या योजनेला 'स्वयंसिद्धा' हे नाव दिले. तेथे शब्दाचा अर्थ प्रमाणावाचून खरी असलेली असा होत नाही. स्वतःच्या कष्टाने उभी राहिलेली असा होतो. व्याकरण तेच, पण 'स्वयं' येथे कर्त्याला पुसत नाही, त्याला पुढे आणते.

शब्दाला जे निर्विवादपण चिकटले ते मुख्यतः भूमितीच्या मार्गाने. युक्लिडच्या ग्रंथाचे तूसीकृत अरबी संस्करणावरून संस्कृतात रूपांतर झाले ते जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाने, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. जगन्नाथ सम्राटाचे हे 'रेखागणित' पुढे १९०१ व १९०२ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत छापून निघाले. तथापि इंग्रजी अमदानीत शाळांतून जी भूमिती शिकविली गेली ती इंग्रजी पाठ्यपुस्तकांवरून घेतलेली, आणि तिच्या आरंभी येणाऱ्या विधानांविषयी विद्यार्थ्याला सांगितले जाई ते हेच, की ह्यांना सिद्धता लागत नाही. वस्तुतः युक्लिडने असा दावा केलेला नाही. त्याने आपल्या आरंभीच्या विधानांचे दोन गट केले. एकाला त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ 'मागण्या' असा होतो, दुसऱ्याला दिलेल्या नावाचा अर्थ 'सामाईक कल्पना' असा. मागणी ही समोरच्याकडे करावयाची असते, आणि समोरचा ती नाकारूही शकतो. 'ॲक्झिअम' हा नंतर सर्वत्र रूढ झालेला शब्ददेखील ग्रीकमध्ये 'योग्य' ह्या अर्थाच्या पदापासून आला आहे. मान्यता देण्यास योग्य असे जे वाटते ते ॲक्झिअम. तेव्हा मूळ भाषेत हा शब्द योग्यतेचा आहे, सिद्धतेचा नव्हे.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. युक्लिडची पाचवी मागणी, म्हणजे समांतर रेषांविषयीची, अनेक शतके गणितज्ञांना अस्वस्थ करीत राहिली. ती इतर विधानांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न झाले व ते सर्व फसले. अखेर १८२९ मध्ये लोबाचेव्हस्की व १८३२ मध्ये बोल्याई ह्यांनी ती मागणी नाकारूनही सुसंगत भूमिती रचता येते असे दाखवून दिले. १८९९ मध्ये हिल्बर्टने भूमितीच्या पायाची जी मांडणी केली तीत आरंभविधानांच्या उघडपणाचा प्रश्नच उरला नाही. ती परस्परांशी सुसंगत आहेत की नाहीत, एवढेच पाहावयाचे राहिले. जे दोन हजार वर्षे स्वयंसिद्ध मानले गेले ते गृहीत ठरले.

भारतीय भाषांनी ह्या स्थित्यंतराची नोंद कशी घेतली हे पाहणे उद्बोधक आहे. आज कानडी शालेय गणितात ॲक्झिअमला 'स्वयंसिद्ध' म्हणतात. हिंदी पाठ्यपुस्तकात 'अभिगृहीत' हा शब्द आहे. मराठी विद्यार्थी युक्लिडची 'गृहीतके' शिकतो. तिन्ही शब्द संस्कृत, तिन्ही एकाच प्रकारच्या विधानांसाठी, आणि तरीही त्यांच्यात दोन भिन्न ज्ञानमीमांसा दडलेल्या आहेत. 'सिद्ध' म्हणणारी भाषा वस्तूकडे बोट दाखविते. 'गृहीत' म्हणणारी भाषा घेणाऱ्या हाताकडे बोट दाखविते. मराठीने गणितात हा दुसरा शब्द स्वीकारला हे तिच्या परिभाषाकारांच्या विवेकाचे द्योतक आहे. खेदाची गोष्ट एवढीच, की गणिताच्या वर्गात जो विवेक रुजला तो साहित्यविचाराच्या वर्गात पोहोचला नाही. तेथे अजूनही 'स्वयंसिद्ध' हाच शब्द मानाने मिरवितो.

आपल्या प्राचीन शास्त्रविचारात ह्या बाबतीत पुरेशी सावधगिरी होती. न्यायसूत्रांत सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले आहेत : सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. कोणत्याही शास्त्राचा ज्याला विरोध नाही तो सर्वतंत्र. जो आपल्या व समानधर्मी शास्त्रांना मान्य पण इतरांना अमान्य तो प्रतितंत्र. जो ठरला की त्याच्या आधाराने इतर गोष्टी ठरतात तो अधिकरण. आणि पुढील विचारासाठी तूर्त परीक्षेवाचून जो मान्य केला जातो तो अभ्युपगम. ह्या वर्गीकरणाचे मर्म असे, की सिद्धान्ताबरोबर तो मान्य करणाऱ्यांची कक्षाही येथे सांगितली जाते. हे कोणाला मान्य आहे, कशासाठी मान्य केले आहे, हा प्रश्न सिद्धान्ताच्या व्याख्येतच विणलेला आहे. मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद वरवर पाहता 'स्वयंसिद्ध'च्या जवळचा वाटतो. ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून आणावे लागत नाही, ते ज्ञानातच असते, असे तो सांगतो. पण त्यालाही एक अट आहे. बाधक प्रत्यय येईपर्यंतच ते प्रामाण्य टिकते. शिंपल्याच्या ठिकाणी झालेले चांदीचे ज्ञान स्वतःप्रमाण असले तरी हात लावताच ते बाधित होते. मीमांसकांनी वेदाला ह्या बाधाच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि वर्णधर्माचे समर्थन पुढे त्याच आधारावर उभे राहिले, हा ह्या सिद्धान्ताचा सामाजिक इतिहास होय. तथापि ज्ञानाविषयीचा त्यांचा सामान्य नियम बाधाला दार उघडे ठेवतो, हे विसरता कामा नये.

मराठीत ज्या ग्रंथाने खऱ्या अर्थी स्वयंसिद्ध वस्तूचा विचार केला तो म्हणजे ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव'. आत्मवस्तू स्वतःच प्रकाशरूप असल्यामुळे शब्दाने ती सिद्ध होत नाही, इतकेच नव्हे तर शब्दाला तिच्या ठायी काही कामच उरत नाही, असे त्यांचे शब्दखंडनातील प्रतिपादन आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ज्ञानदेव स्वयंसिद्धता वस्तूची सांगतात, विधानाची नव्हे. वस्तू स्वयंसिद्ध असेल तर तिच्याविषयीचे प्रत्येक विधान अपुरे ठरते. विधानाला निर्विवादपण मिळण्याऐवजी त्याचे असलेले बळही कमी होते. आधुनिक टीकालेखनात ह्याच्या उलट घडले. वस्तूची स्वयंसिद्धता विधानाने उसनी घेतली आणि परत केली नाही.

शास्त्राच्या भाषेकडून लोकभाषेकडे आले की ह्याच कल्पनेचे एक निराळे रूप दिसते. मराठीत उघड गोष्टीसाठी 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' अशी म्हण आहे. ती जुनी आहे; राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' ह्या प्राकृत सट्टकातही ती आढळते. बेंगळूरच्या रस्त्यावर ह्याच अर्थाने जी कानडी म्हण ऐकू येते ती अशी : 'अंगै हुण्णिगे कन्नडि बेके', म्हणजे तळहातावरच्या फोडाला आरसा हवा काय? दोन्ही म्हणींची रचना एक, आरसा एक, हातही एक. पण एका हातावर कांकण आहे, दुसऱ्या हातावर व्रण. कांकण हे दाखविण्यासाठी असते. ते ज्याच्या हातात आहे त्याला दिसते तसे समोरच्यालाही दिसते. तळहातावरचा व्रण मात्र मूठ मिटली की इतरांना दिसत नाही. ज्याचा हात त्याला तो मुठीतही जाणवत राहतो. पहिल्या म्हणीतली उघडता सार्वजनिक आहे, दुसरीतली वेदनेची आहे. शिवाय दोन्ही म्हणींत एक अट न बोलता घातलेली आहे : हात आपला असला पाहिजे. दुसऱ्याच्या हातावरचे आपल्याला दिसेलच असे कोणतीही म्हण सांगत नाही.

साहित्यविचारात ह्या भेदाला मोठे महत्त्व आहे. बा. सी. मर्ढेकर ह्यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथाने मराठी सौंदर्यविचाराला प्रथमच तर्ककठोर पाया देण्याचा प्रयत्न केला. संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांवर त्यांनी सौंदर्याची मांडणी केली, ती सर्व कलांना लागू होईल अशा हेतूने. मर्ढेकरांनी आपली तत्त्वे युक्तिवादाने मांडली होती; त्यांच्याशी वाद घालता येत होता, आणि त्यांचे मोठेपण त्यातच होते. पण एखाद्या विचाराची मोडतोड त्याच्या विरोधकांपेक्षा त्याचे अनुयायीच अधिक करतात. कलाकृतीची स्वायत्तता, तिच्या मूल्यमापनात सामाजिक प्रयोजनाला असलेली गौणता, ही मते हळूहळू मते न राहता परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतली स्वयंसिद्ध वाक्ये झाली. रा. भा. पाटणकर ह्यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये सौंदर्यविचाराला लौकिकतावादी व अलौकिकतावादी असे दोन ध्रुव आहेत हे दाखविले, तेव्हा त्यांनी वस्तुतः हेच सांगितले, की ज्याला एक पक्ष सिद्ध म्हणतो ते प्रतितंत्र आहे. दुसरे तंत्रही तितक्याच गांभीर्याने उभे आहे.

पाटणकरांनी जे संकल्पनांच्या विश्लेषणातून केले ते दलित साहित्याने अनुभवाच्या बळावर केले. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९७५ मध्ये, कानडीत सिद्धलिंगय्या ह्यांचा 'होलेमादिगर हाडु' हा कवितासंग्रह आला होता. बेंगळूर हीच ह्या कवीची कर्मभूमी. दोन्ही लेखनांनी आपापल्या भाषेच्या वाचकापुढे मिटलेली मूठ उघडली. आनंद हे वाङ्मयाचे प्रयोजन होय, हे वाक्य त्या उघड्या तळहातासमोर पूर्वीसारखे उच्चारणे अवघड झाले. शरणकुमार लिंबाळे ह्यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये आनंदवादी निकषांना जे आव्हान दिले, त्याचे वर्णन मीमांसकांच्या परिभाषेत करावयाचे तर ते बाधक प्रमाण होते. त्यातील प्रत्येक निष्कर्ष मान्य करण्याचे कारण नाही. वेदना आणि विद्रोह ह्यांनाही कोणी निकषांचे स्वयंसिद्ध रूप दिले तर त्यावरही हाच आक्षेप येईल. कानडी म्हणीतला व्रणही ज्याचा हात त्यालाच आरशावाचून कळतो, इतरांना तो शब्दांनी समजावून सांगावा लागतो, आणि तेच साहित्याचे काम आहे. पण बाधक प्रत्यय पुढे आल्यानंतरही पूर्वीचे विधान स्वयंसिद्ध म्हणून उगाळीत बसणे हे शास्त्राला धरून नाही.

येथवरचे विवेचन मान्य केले तर एक गंभीर शंका उभी राहते. सर्वच स्वयंसिद्धे गृहीतके ठरली, तर मनुष्यमात्राच्या समतेचे काय? १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्याने समतेला स्वयंसिद्ध सत्यांत स्थान दिले, आणि त्या शब्दाच्या बळावर जगभर लोक लढले. ते बळ काढून घेणे हे जुन्या विषमतेच्या हाती शस्त्र देण्यासारखे होणार नाही काय?

ह्या शंकेचे उत्तर त्या जाहीरनाम्यातच आहे. जेफर्सनच्या मूळ मसुद्यात ही सत्ये पवित्र व नाकारता न येणारी म्हटली होती. अंतिम पाठात 'स्वयंसिद्ध' हा शब्द आला. पण त्या वाक्यातील क्रियापद 'मानणे' ह्या अर्थाचे आहे. सत्ये स्वयंसिद्ध आहेत एवढेच ते वाक्य सांगत नाही. स्वाक्षरी करणारे ती तशी मानतात असे ते सांगते. मानणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतः गुलामांचे मालक होते, आणि गुलामगिरी घटनेने रद्द होण्यास १८६५ साल उजाडावे लागले. सत्य स्वयंसिद्ध होते. पण ते शिजावयास एक यादवी युद्ध लागले. महात्मा फुले ह्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, तो घोषणेसाठी नव्हे, त्या कृतीसाठी. शिवाय फुल्यांनी 'गुलामगिरी' संवादरूपाने लिहिला, आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथही प्रश्नोत्तरांनीच पुढे सरकतो. स्त्रीपुरुष जन्मतः स्वतंत्र आहेत हे त्यांना सूर्यप्रकाशाइतके उघड दिसत होते. तरीही समोरच्याला ते दिसत नाही हे ओळखून त्यांनी त्याचा एकेक प्रश्न घेतला. सत्य आपोआप शिजते असे मानणारा लेखक संवाद लिहीत नाही.

भारतीय संविधानाची भाषा ह्या दृष्टीने अधिकच मननीय आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या उद्देशिकेत समता स्वयंसिद्ध असल्याचा उल्लेख नाही. ती प्राप्त करून देण्याचा निर्धार तेथे आहे, आणि संविधान 'अंगीकृत' केल्याचे म्हटले आहे. जन्माधिष्ठित विषमताच ज्या समाजात शतकानुशतके स्वयंसिद्ध मानली गेली, त्या समाजापुढे समतेला तेच विशेषण लावणे म्हणजे एका निर्विवादाच्या जागी दुसरा निर्विवाद बसविणे झाले असते. संविधानकारांनी तो मार्ग टाळला. 'गृहीत' ह्या शब्दात विचारापुरता स्वीकार आहे. उद्या दुसरे गृहीत धरता येते. 'अंगीकृत' ह्या शब्दात मात्र स्वीकारलेली गोष्ट अंगाचा भाग होते, आणि अंगाला झालेली जखम आरशाशिवाय कळते. समतेच्या सत्याला जे बळ हवे ते ह्या शब्दात आहे, आणि ते कर्त्याला न पुसता आलेले आहे.

तेव्हा ज्याला आजवर सरसकट 'स्वयंसिद्ध' म्हटले गेले त्याचे तीन भाग पाडणे इष्ट होईल. ज्या वस्तूपुढे विधानच थांबते तिच्यासाठी 'स्वयंसिद्ध' हा शब्द राखून ठेवावा; त्याची गरज टीकाकाराला क्वचितच पडेल. ज्या विधानांच्या आधाराने विचाराची इमारत उभी राहते ती 'गृहीते' होत, आणि ती कोणाची, कशासाठी घेतलेली, हे सांगण्याचे उत्तरदायित्व लेखकावर आहे. ज्या मूल्यांवाचून समाज समाज राहत नाही ती 'अंगीकृते' होत, आणि त्यांचे खरेपण ती पाळण्यावर अवलंबून आहे. हा भेद सांभाळला तर मराठी टीकालेखनातील कित्येक वाद मिटतील असे नाही. पण जे वाद एका विशेषणाच्या आड आजवर सुरूच होऊ शकले नाहीत, ते निदान सुरू होतील.